वेग आणि वेळ यांचं नातं: आलेख आधी, सूत्रं नंतर

गतीची तीन समीकरणं पाठ नसलेला नववीचा विद्यार्थी शोधून सापडणार नाही. पण त्याच विद्यार्थ्यापुढे वेग-काल आलेख ठेवून "गाडी किती लांब गेली?" असं विचारलं, की तो सूत्र शोधायला लागतो. उत्तर समोरच्या चित्रात असतं आणि नजर वहीच्या मागच्या पानावर जाते. मुलांची यात चूक नाही. आपल्याकडे सूत्र आधी येतं, आलेख नंतर, आणि तोही दोन गुणांचा प्रश्न म्हणून. माझं ठाम मत आहे की हा क्रम उलटा करायला हवा. वेग-काल आलेख नीट वाचता आला तर तिन्ही समीकरणं त्यातून आपोआप बाहेर पडतात आणि पाठ करायला फारसं काही उरत नाही.

हा लेख नववी ते अकरावीच्या विद्यार्थ्यांसाठी आहे, आणि त्यांना घरी शिकवणाऱ्या आई-वडिलांसाठी, मोठ्या भावंडांसाठीही. वाचताना हातात आलेख कागद, टोकदार पेन्सिल आणि पट्टी असू द्या. नुसतं वाचून हा विषय डोक्यात बसत नाही, तो काढावा लागतो.

आधी एकक सरळ करा

बसच्या काट्यावर वेग किलोमीटर प्रति तासात दिसतो, गणितात मात्र मीटर प्रति सेकंद लागतो. रूपांतर सोपं आहे: किमी/ताशी आकड्याला ५ ने गुणा, १८ ने भागा. ३६ किमी/तास म्हणजे १० मी/से, ५४ म्हणजे १५, ७२ म्हणजे २०, ९० म्हणजे २५. हे चार आकडे लक्षात राहिले तर बहुतेक वेळा गुणाकाराचीही गरज पडत नाही.

परीक्षेतल्या कितीतरी चुका इथेच होतात. वेळ सेकंदात, वेग किमी/तासात आणि उत्तर मीटरमध्ये, असा मिश्र हिशेब होतो. म्हणून आलेखाला हात लावण्याआधीच दोन्ही राशी एका पद्धतीत आणायच्या, ही सवय लावून घ्या.

पहिला आलेख: थांब्यावरून सुटलेली एसटी

जळगाव-चोपडा रस्त्यावरचा एखादा विनंती थांबा घ्या. दोन पाट्या टाकलेली आजी आत चढते, कंडक्टर दोनदा घंटी वाजवतो आणि बस हलते. समजा पुढची नोंद अशी आहे: सुटताना वेग शून्य, ५ सेकंदांनी ३ मी/से, १० सेकंदांनी ६, १५ सेकंदांनी ९ आणि २० सेकंदांनी १२ मी/से. पुढचे ४० सेकंद बस त्याच १२ मी/से वेगानं जाते. मग एक घंटी होते, ड्रायव्हर ब्रेक लावतो आणि १० सेकंदांत बस थांबते. प्रवास एकूण ७० सेकंदांचा.

आता कागदावर आडवा अक्ष वेळेचा आणि उभा अक्ष वेगाचा घ्या. वेळ आडवीच का? कारण ती आपल्या हातात नाही. बस धावो, थांबो, मागे येवो, वेळ सारख्या गतीनं पुढे सरकत राहते. बदलतो तो वेग, आणि तो वेळेनुसार कसा बदलतो हेच आपल्याला पाहायचं आहे.

प्रमाण ठरवा: आडवं १ सेंमी = १० सेकंद, उभं १ सेंमी = २ मी/से. हे प्रमाण कागदाच्या कोपऱ्यात लिहून ठेवा. ते पुढे लागणार आहे आणि ते लिहिलं नाही म्हणून गुणही जातात. बिंदू मांडून जोडले की चढती रेघ, मग सपाट रेघ, मग उतरती रेघ अशी आकृती मिळेल. तिला समलंब चौकोन म्हणतात.

या आकृतीला आता तीन प्रश्न विचारायचे. कुठलाही वेग-काल आलेख समोर आला तरी हेच तीन प्रश्न, याच क्रमानं.

पहिला प्रश्न: उंची किती? एखाद्या क्षणी रेघ अक्षापासून जेवढी वर, तेवढा त्या क्षणाचा वेग. १५व्या सेकंदाला ९ मी/से. यात अडण्यासारखं काही नाही.

दुसरा प्रश्न: चढ किती? पहिल्या २० सेकंदांत वेग ० वरून १२ वर गेला, म्हणजे दर सेकंदाला ०.६ मी/से वाढला. हेच त्वरण, ०.६ मी/से². सपाट भागात चढ शून्य, म्हणून त्वरण शून्य. शेवटच्या भागात १० सेकंदांत १२ ने घट, म्हणजे त्वरण उणे १.२ मी/से². इथे जरा थांबा. सपाट रेघ पाहून "बस थांबली" असं लिहिणारी मुलं दर वर्षी भेटतात. ती स्थिती-काल आलेखाची सवय आहे, त्यात सपाट रेघ म्हणजे थांबणं. वेग-काल आलेखात मात्र सपाट रेघ म्हणजे एकसमान वेगानं धावणं. त्यात बस थांबलेली असेल तर रेघ शून्यावर, अक्षाला चिकटून जाते.

तिसरा प्रश्न: रेघेखालचं क्षेत्रफळ किती? पहिला त्रिकोण: अर्धा गुणिले २० गुणिले १२ = १२० मीटर. मधला आयत: ४० गुणिले १२ = ४८० मीटर. शेवटचा त्रिकोण: अर्धा गुणिले १० गुणिले १२ = ६० मीटर. एकूण ६६० मीटर.

पडताळा घ्यायचा असेल तर कागदावरचे चौरस मोजा. एक चौरस सेंटीमीटर म्हणजे १० सेकंद गुणिले २ मी/से, म्हणजे २० मीटर. आकृतीचं क्षेत्रफळ ६ + २४ + ३ = ३३ चौरस सेंमी येतं, आणि ३३ गुणिले २० = ६६०. दोन्ही वाटांनी एकच उत्तर आलं की विश्वास बसतो.

क्षेत्रफळ म्हणजे अंतर, हे का?

बहुतेकांची गाडी इथेच अडते. चौकोनाचं क्षेत्रफळ मीटरमध्ये कसं येईल, असा प्रश्न पडणं बरोबरच आहे.

केळीच्या बागेतलं ठिबक डोळ्यांसमोर आणा. ४ लिटर प्रति तासाचा ड्रिपर ३ तास चालला तर झाडाला १२ लिटर पाणी मिळालं, हे रावेर-यावलकडच्या शाळकरी पोरालाही सांगावं लागत नाही. प्रवाहाचा दर उभ्या अक्षावर आणि वेळ आडव्या अक्षावर घेतली तर ते १२ लिटर म्हणजे आयताचं क्षेत्रफळ. समजा दाब कमी-जास्त झाला आणि प्रवाह बदलत राहिला. मग आपण काय करू? वेळेचे लहान लहान तुकडे पाडू, त्या तुकड्यापुरता प्रवाह जवळजवळ सारखा धरू, प्रत्येक तुकड्याचं पाणी काढू आणि बेरीज करू. वेगाचंही तसंच. वेग म्हणजे अंतर जमा होण्याचा दर. वेग गुणिले वेळ म्हणजे जमा झालेलं अंतर. तुकडे जितके बारीक, तितकी बेरीज रेघेखालच्या क्षेत्रफळाच्या जवळ. एकक पाहिलं तरी तेच दिसतं: मीटर प्रति सेकंद गुणिले सेकंद, सेकंद कटतात, मीटर उरतात.

पुढे बारावीत याच बेरजेला संकलन म्हणतात. नाव मोठं आहे, काम हेच.

आता समीकरणं आलेखातून काढा

बस आधीच ५ मी/से वेगानं चालली आहे असं धरा. ड्रायव्हर २० सेकंद एकसारखं त्वरण देतो, ०.५ मी/से² इतकं. आलेख ५ वर सुरू होतो आणि तिरक्या रेघेनं वर जातो.

शेवटचा वेग किती? सुरुवातीचा वेग, अधिक चढ गुणिले वेळ: ५ + ०.५ × २० = १५ मी/से. हे पहिलं समीकरण. वर्गात आपण "व्ही बरोबर यू अधिक एटी" म्हणतो ते हेच.

विस्थापन, म्हणजे सुरुवातीच्या जागेपासून सरळ किती दूर गेलो ते, किती? रेघेखाली खाली आयत, वर त्रिकोण. आयत: ५ × २० = १०० मीटर. हे अंतर त्वरण दिलं नसतं तरी कापलं गेलंच असतं. त्रिकोणाचा पाया २० आणि उंची ०.५ × २० = १०, म्हणून क्षेत्रफळ अर्धा × २० × १० = १०० मीटर. हे त्वरणामुळे मिळालेलं जादा अंतर. एकूण २००. दुसरं समीकरण यापेक्षा वेगळं काही सांगत नाही. "यूटी" म्हणजे आयत, "अर्धा एटी वर्ग" म्हणजे त्रिकोण. तो अर्धा कुठून आला, हे आता कधी विसरणार नाही.

तिसरं समीकरण लागतं ते वेळ दिलेली नसते तेव्हा. आकृती समलंब चौकोन आहे, म्हणून क्षेत्रफळ = सरासरी वेग गुणिले वेळ. वेळ ठाऊक नाही, पण ती वेगातला फरक भागिले त्वरण इतकी असणार. दोन वेगांची बेरीज गुणिले दोन वेगांचा फरक म्हणजे वर्गांचा फरक. म्हणून शेवटच्या वेगाचा वर्ग = सुरुवातीच्या वेगाचा वर्ग + २ × त्वरण × विस्थापन. आकडे घालून पाहा: २२५ = २५ + २ × ०.५ × २००. जुळलं.

एक अट मात्र कायम लक्षात ठेवा. ही तिन्ही समीकरणं रेघ सरळ असेल तेव्हाच चालतात, म्हणजे त्वरण स्थिर असेल तेव्हाच. रेघ वाकडी झाली की समीकरणं बाजूला ठेवायची आणि आलेखाकडे परत यायचं.

वाटेत बसून मोजायचं

पुस्तकातले आकडे पुरे झाले, आता आपले आकडे गोळा करू. अगदी साधी पद्धत म्हणजे रेल्वेच्या किंवा महामार्गाच्या कडेचे किलोमीटरचे दगड. दोन लागोपाठ दगडांमधला वेळ सेकंदात मोजा आणि ३६०० ला त्यानं भागा, वेग किमी/तासात मिळतो. ४५ सेकंद लागले तर ८०, ३६ सेकंद लागले तर १००. हे काम प्रवाशानंच करायचं, गाडी चालवणाऱ्यानं अजिबात नाही.

भुसावळ-जळगाव हा सुमारे २५ किलोमीटरचा टप्पा यासाठी उत्तम. गाडीला समजा अर्धा तास लागला, तर सरासरी ५० किमी/तास. पण मधल्या मोकळ्या रुळांवर दगड ३६ सेकंदांना एक असा जात असतो. मग सरासरी इतकी खाली कशी आली? भुसावळ यार्डातून बाहेर पडताना हळू, जळगावला शिरताना हळू, आणि त्या हळू चालण्यात वेळ भरपूर गेला. तुमच्या नोंदी आलेखावर मांडल्या की हे लगेच दिसतं.

इथे एक तांत्रिक गोष्ट आहे आणि ती फार थोड्या ठिकाणी नीट सांगितली जाते. दोन दगडांमध्ये काढलेला वेग हा त्या संपूर्ण कालावधीचा सरासरी वेग असतो. तो आलेखावर मांडायचा कुठे? सुरुवातीच्या वेळेवर नाही, शेवटच्या वेळेवरही नाही, कालावधीच्या मधोमध. त्वरण स्थिर असेल तर सरासरी वेग हा बरोबर मध्यक्षणीचाच वेग असतो. शेवटच्या वेळेवर मांडलात तर सगळी रेघ उजवीकडे सरकते आणि सुरुवातीचा वेग चुकीचा निघतो. प्रयोगवहीत "निरीक्षणातील त्रुटी" म्हणून खपवलेला फरक पुष्कळदा या एका चुकीतून आलेला असतो.

फोन असेल तर काम आणखी सोपं. जर्मनीतल्या आखेन इथल्या विद्यापीठात तयार झालेलं 'फायफॉक्स' नावाचं मोफत ॲप फोनच्या जीपीएसवरून वेगाची नोंद ठेवतं आणि ती तक्त्याच्या रूपात बाहेर काढून देतं. फोन खिडकीजवळ धरा. सिग्नलवर बस उभी असतानाही ते ॲप थोडासा वेग दाखवील. जीपीएसची अचूकता तेवढीच, तो आकडा शून्य धरायचा.

वीस फुटी नळी आणि एक गोटी

घरी करण्यासारखा हा सगळ्यांत चांगला प्रयोग. खान्देशात शेत असलेल्या जवळजवळ प्रत्येक घराच्या मागे पीव्हीसी पाइपाचा एखादा तुकडा पडलेला असतो. सहा मीटरची, म्हणजे वीस फुटी, ७५ मिलिमीटरची जुनी नळी मिळवा. घरच्या मोठ्या माणसाच्या मदतीनं ती लांबीत चिरून घ्या, म्हणजे अर्धगोल पन्हळ तयार होईल. चिरलेली कड धारदार असते, तिच्यावर सँडपेपर मारा.

पन्हळीचं एक टोक जमिनीवर आणि दुसरं ४० सेंटीमीटर उंचीवर ठेवा. मध्ये नळी लोंबते, म्हणून दर मीटरला विटा आणि लाकडाच्या चिपा लावून उतार एकसारखा करा. बरोबर मधोमध उंची २० सेंटीमीटर भरली पाहिजे. गवंडी लावतात तशी वरपासून खालपर्यंत दोरी ताणली की पोट आलं आहे का ते लगेच कळतं. या तयारीला वेळ लागतो आणि तो द्यावाच, कारण उतार वाकडा असेल तर पुढचं सगळं वाकडं येतं.

वरच्या बाजूला शून्याची खूण करा. तिथून ३५, १४०, ३१५ आणि ५६० सेंटीमीटरवर शिलाईचा बारीक दोरा पन्हळीच्या तळाला आडवा टेकेल असा चिकटपट्टीनं बसवा. गोटी दोऱ्यावरून गेली की हलकासा "टक्" आवाज येतो. गोटीची पुढची कड शून्यावर येईल अशी ती पट्टीनं अडवा आणि पट्टी झटकन वर उचला. गोटीला ढकलायचं नाही.

आता डोळे मिटून ऐका. टक्, टक्, टक्, टक्. दोऱ्यांमधली अंतरं वाढत गेली आहेत, पहिलं ३५ सेंटीमीटर, दुसरं १०५, तिसरं १७५, चौथं २४५. तरीही आवाज सारख्या अंतरानं येतात. ३५ ने भागून पाहा: १, ३, ५, ७. सारख्या कालावधीत कापलेली अंतरं विषम संख्यांच्या प्रमाणात वाढतात, हे गॅलिलिओनं उतारावर पितळी गोळा सोडून तपासलं आणि १६३८ मध्ये छापलं. त्याच्याकडे सेकंदाचं घड्याळ नव्हतं. भांड्यातून बारीक धारेनं पडलेलं पाणी तोलून तो वेळ मोजत होता. तुमच्या फोनमधलं आवाज रेकॉर्ड करणारं ॲप त्याहून कितीतरी अचूक आहे. रेकॉर्डिंगच्या लहरीत प्रत्येक "टक्"चा उंच काटा दिसतो आणि दोन काट्यांमधला वेळ वाचता येतो.

समजा तो वेळ १.२५ सेकंद निघाला. मग सरासरी वेग असे: ०.३५ ÷ १.२५ = ०.२८ मी/से, १.०५ ÷ १.२५ = ०.८४, १.७५ ÷ १.२५ = १.४०, २.४५ ÷ १.२५ = १.९६. हे मांडायचे मध्यक्षणी: ०.६२५, १.८७५, ३.१२५ आणि ४.३७५ सेकंदांवर. चारही बिंदू एका सरळ रेघेत येतात, आणि रेघ मागे वाढवली की ती शून्यातून जाते. चढ = ०.५६ ÷ १.२५ = ०.४४८ मी/से². रेघ ५ सेकंदांपर्यंत पुढे वाढवा, तिथे वेग २.२४ मी/से. त्रिकोणाचं क्षेत्रफळ अर्धा × ५ × २.२४ = ५.६ मीटर, म्हणजे पन्हळीवर खूण केलेलं अंतर जसंच्या तसं परत मिळालं.

अकरावीतल्यांसाठी आणखी एक पायरी. घरंगळणाऱ्या भरीव गोळ्याचं त्वरण गुरुत्वत्वरण गुणिले उताराच्या कोनाची ज्या (साइन, म्हणजे उंची भागिले नळीची लांबी), आणि त्याचे पाच सप्तमांश असतं. सहा मीटरला ४० सेंटीमीटर उतार धरला तर ते ०.४६७ येतं. आपल्याला ०.४४८ मिळालं. घर्षणानं आणि दोऱ्यांनी थोडा वेग खाल्ला, आणि फरक ज्या दिशेनं यायला हवा त्याच दिशेनं आला. मात्र तुमचं उत्तर ०.४६७ पेक्षा मोठं आलं तर उतार पुन्हा मोजा किंवा गोटीला धक्का लागतो आहे का ते पाहा.

रेघ वाकडी असेल तर

खरी बस सरळ रेघेत वेग घेत नाही. सुरुवातीला जोर जास्त, मग गिअर बदलत जातात आणि वाढ मंदावते. फोनमधून दर १० सेकंदांनी असे आकडे आले असं धरा: ०, ७, ११, १३, १४ मी/से. एकूण ४० सेकंद.

सूत्राच्या सवयीनं कोणी सुरुवातीचा आणि शेवटचा वेग घेऊन सरासरी ७ काढील आणि ४० ने गुणून २८० मीटर लिहील. आता पट्ट्या पाडून बघा. प्रत्येक १० सेकंदांची पट्टी म्हणजे एक समलंब चौकोन: ३५ + ९० + १२० + १३५ = ३८० मीटर. शंभर मीटरचा फरक पडला. रेघ वर फुगलेली आहे आणि तो फुगवटा सरासरीच्या हिशेबातून सुटला.

वाकड्या रेघेचा चढ काढायचा तर त्या बिंदूला स्पर्शरेषा काढावी लागते. पट्टी वक्राला त्या एकाच बिंदूपाशी टेकेल अशी धरा, लांब रेघ ओढा आणि तिच्या दोन दूरच्या टोकांवरून चढ काढा. २० व्या सेकंदाशी तो साधारण ०.३ मी/से² निघेल. पहिल्या १० सेकंदांचा सरासरी चढ ०.७ होता. एकाच बसचं त्वरण क्षणाक्षणाला वेगळं असतं, ते असं डोळ्यांना दिसतं.

एका क्षणाची गती मोजण्याचा हा विचार आपल्या मातीत जुना आहे. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये लिहिलेल्या सिद्धान्तशिरोमणीत ग्रहांच्या गतीचे दोन हिशेब सांगितले आहेत. आजची आणि उद्याची स्थिती घेऊन फरक काढला तर ती स्थूल गती, कारण दिवसभरात गती बदलत राहते. त्या त्या वेळेची सूक्ष्म गती ती तात्कालिक गती. चंद्र झपाट्यानं सरकतो, म्हणून त्याच्यासाठी तात्कालिक गतीच वापरावी, असं त्यांचं सांगणं. स्थितीवरून वेग काढताना त्यांनी केलेला हा विचार वेगावरून त्वरण काढताना आपण पुन्हा करतो. चाळीसगावजवळ पाटणादेवीला तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानं आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याची नोंद त्यात आहे. पाटणादेवीच्या सहलीत धबधब्याच्या आणि देवळाच्या फोटोंबरोबर मुलांना हेही सांगितलं पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

रेघ अक्षाच्या खाली गेली तर

वेगाला दिशा असते, चालीला नसते. आलेखावर दिशा दाखवायची ती अक्षाच्या वर आणि खाली. चेंडू १४.७ मी/से वेगानं सरळ वर फेका. गुरुत्वत्वरण ९.८ मी/से² खाली, म्हणून रेघ उतरत जाते. १.५ सेकंदांनी अक्षाला छेदते आणि ३ सेकंदांनी उणे १४.७ वर पोहोचते. सुरुवातीपासून शेवटपर्यंत ती एकच सरळ रेघ आहे, कुठेही मोडलेली नाही.

त्या छेदाच्या बिंदूकडे नीट पाहा. चेंडू सर्वांत उंच असताना वेग शून्य आहे, पण चढ तोच, उणे ९.८. "वर पोहोचल्यावर त्वरण शून्य होतं" हे उत्तर दर परीक्षेत येतं. ते खरं असतं तर चेंडू तिथेच लटकत राहिला असता.

अक्षाच्या वरचा त्रिकोण: अर्धा × १.५ × १४.७ = सुमारे ११ मीटर. खालचा त्रिकोण तेवढाच, चिन्ह उणे. विस्थापन विचारलं तर चिन्हासकट बेरीज: शून्य, चेंडू हातात परत आला. अंतर विचारलं तर चिन्ह सोडून बेरीज: सुमारे २२ मीटर. प्रश्नात कोणता शब्द आहे ते दोनदा वाचा.

सरासरीचा फसवा प्रश्न

६० किलोमीटरवरच्या गावी जाताना चाल ६० किमी/तास, येताना ४०. सरासरी चाल किती? बहुतेक जण ५० म्हणतात. आलेख काढा: जाण्याचा आयत १ तास रुंद, येण्याचा दीड तास रुंद. एकूण १२० किलोमीटर, अडीच तास, सरासरी ४८. हळू चालण्याचा भाग आडव्या अक्षावर जास्त जागा घेतो, म्हणून सरासरी त्याच्याकडे ओढली जाते. भुसावळ-जळगाव गाडीचंही हेच झालं होतं. आणि सरासरी वेग विचारला असेल तर उत्तर शून्य, कारण माणूस घरी परतला.

ब्रेकचा आलेख

शेवटी घरातल्या प्रत्येक गाडी चालवणाऱ्याला दाखवावा असा आलेख. धुळे-जळगाव महामार्गावर पुढे केळीचा ट्रक अचानक थांबला. चालकाला ते दिसून त्याचा पाय ब्रेकवर जाईपर्यंत साधारण १ सेकंद जातो. त्या सेकंदात गाडी पूर्ण वेगानंच धावते, म्हणून आलेखात आधी १ सेकंद रुंदीचा आयत येतो. मग उतरती रेघ, म्हणजे त्रिकोण. कोरड्या रस्त्यावर कारचं मंदन, म्हणजे वेग कमी होण्याचा दर, ५ मी/से² धरू.

वेग ६० किमी/तास, म्हणजे १६.७ मी/से असेल तर आयत १६.७ मीटर आणि त्रिकोण २७.८ मीटर, एकूण सुमारे ४४ मीटर. वेग ९० किमी/तास, म्हणजे २५ मी/से असेल तर आयत २५, त्रिकोण अर्धा × ५ × २५ = ६२.५, एकूण ८७.५ मीटर. वेग दीडपट झाला आणि लागणारी जागा जवळजवळ दुप्पट. कारण कागदावर दिसतं: वेग वाढला की त्रिकोणाची उंचीही वाढते आणि पायाही, कारण थांबायला वेळही जास्त लागतो. दोन्ही बाजू दीडपट झाल्या म्हणून त्रिकोण सव्वादोनपट झाला. चालक फोन बघत असेल आणि त्याला दिसायलाच ३ सेकंद लागले, तर त्याच ९० च्या वेगाला नुसता आयतच ७५ मीटरचा.

आता एक आलेख तुम्ही काढा. पहिल्या पावसानं रस्ता निसरडा झाला आहे आणि मंदन निम्मं, म्हणजे २.५ मी/से² मिळतं. वेग ९० किमी/तास, पाय ब्रेकवर जायला १ सेकंद. उतरती रेघ अक्षाला कुठे टेकते ते आधी शोधा, मग क्षेत्रफळ काढा. रेघ ११ व्या सेकंदाला टेकली आणि एकूण अंतर १५० मीटर आलं, तर तुमचा आलेख बरोबर आहे.